डॉलर कमवायचे सोलापुरात आणि कागद शोधायचे पुण्यात?

विजापूर_रोड
काल इथंच एकाने लिहिलं की "परदेशी कंपनीचा पगार घेणारे घरात बसून डॉलर मोजतात आणि बँकेने दोन कागद मागितले की रडतात". वाचून डोकं फिरलं, म्हणून सगळंच लिहितो.

मी टेक्सासच्या एका छोट्या कंपनीचं काम करतो, महिन्याला २,००० डॉलर. तिथून पैसे निघतात, मधली बँक २५ डॉलर कापते, इथली बँक बाजारभावापेक्षा ६०-७० पैसे कमी रेट लावते, वर रुपयात बदलल्याचा जीएसटी. तेही सोसतो. पण मार्चमध्ये शाखेत माझ्या पैशावर परपज कोड (बाहेरून आलेला पैसा कशाचा ते सांगणारा नंबर) टाकला पी-१३०१. म्हणजे परदेशातल्या नातेवाइकाने घरखर्चाला पाठवलेले पैसे! माझं काम सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीचं, पी-०८०२. दुरुस्त करायला चार चकरा मारल्या. काउंटरवरच्या मॅडमनी इन्व्हॉइस पुढून मागून बघितलं आणि विचारलं, "कंपनीचा शिक्का कुठंय?" टेक्सासवाला शिक्का कुठून आणणार ओ? शेवटी नव्या पेठेत जाऊन माझ्याच नावाचा रबरी शिक्का करून घेतला, तो मारल्यावर कागद पुढं सरकला. आणि एफआयआरसी, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला, मागितली तर म्हणे फॉरेक्सचं काम पुण्याच्या ऑफिसात, इथं होत नाही.

अजून एक. डॉलर ८० ला होता तेव्हा माझे वर्षाचे १९ लाख २० हजार व्हायचे. ८५ ला गेला की तेच २४,००० डॉलर २० लाख ४० हजार. पगार एका डॉलरने वाढला नाही, रुपया पडला, आणि मी जीएसटीच्या २० लाखांच्या रेषेपलीकडं गेलो. आता रजिस्ट्रेशन, रिटर्न, एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) सगळं एकट्याच्या डोक्यावर.

टेरी_टॉवेल
कालची ती पोस्ट माझीच, मागं घेणार नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे लूम आहेत, वडिलांपासून माल बाहेर जातो. शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद), बीआरसी (मालाचे पैसे आल्याचा बँकेचा दाखला), एकेका बिलाचे पैसे आले की ते बिल बँकेच्या सिस्टीमवर बंद करायचं, मुदतीत नाही आले तर आमच्याच नावापुढं लाल खूण. ही मुदत बरीच वर्षं ९ महिन्यांची होती, २०२५ च्या नोव्हेंबरात १५ झाली. आमच्या एका गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तेव्हा वडील दोन वर्षं बँकेत पत्रं देत होते. माल गेला, पैसा गेला आणि खुलासा पण आम्हीच द्यायचा. त्यात ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने ५० टक्के टॅरिफ लावलं तेव्हा पॅक झालेल्या गाठी गोडाऊनमध्ये पडून होत्या. आणि तुम्हाला एका शिक्क्याचं दुःख?

१९९१ ला डॉलर संपत आले तेव्हा ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं गहाण ठेवायला लागलं होतं या देशाला. डॉलरचा हिशोब सरकार मागणारच.

विजापूर_रोड
हिशोबाला कोण नाही म्हणतंय? तुमच्याकडं दोन क्लार्क आहेत, सीए आहे, बँकवाला तुमच्याकडं चहाला येतो. मी एकटा आहे.

आकडेमोड
मी रिटर्न भरायचंच काम करतो, दोघांचंही थोडं चुकतंय. सेवेची निर्यात धरायची तर पैसे परकीय चलनात आल्याचा पुरावा लागतो, म्हणून एफआयआरसीचा कागद हवाच. कोड चुकला की उद्या अधिकारी विचारणार, ही निर्यात कशावरून? मग १८ टक्के जीएसटीचा विषय निघतो. ॲपवरून पैसे घेणाऱ्यांनी तर जास्त लक्ष द्या, खात्यात साधे रुपये दिसतात, दाखला ॲपकडून मागून ठेवा. आणि बदलण्यावरचा जीएसटी फार नसतो, १ लाखावर १८० रुपये. खरा मार रेटमधल्या पैशांचा.

डॉलर लगेच बदलायचे नसतील तर ईईएफसी खातं आहे, त्यात डॉलर डॉलरमध्येच राहतात. व्याज नाही, आणि या महिन्यात आलेले डॉलर पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत रुपयात करायलाच लागतात, पण सर्व्हरचं भाडं वगैरे त्यातून देता येतं.

विजापूर_रोड
ईईएफसी विचारलं होतं शाखेत. त्यांनी मला एफडीचा फॉर्म दिला.

हडपसरकर
म्हणून सांगतो पुण्याला या. मी पण सोलापूरचाच. इथं मोठ्या शाखेत अर्ध्या तासात काम झालं माझं. तिथं बसून भांडून काय मिळणार?

विजापूर_रोड
हेच ऐकायचं नव्हतं. आई-वडील इथं, घर इथं. दहा वर्षं हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे-सोलापूर ये-जा केली, शुक्रवारी रात्री घर आणि सोमवारी सकाळी परत गाडी. घरबसल्या काम मिळालं म्हणून परत आलो, आणि तू म्हणतोस पुन्हा बॅग भर?

हडपसरकर
भावनेवर शहर चालत नाही. पाणी किती दिवसांनी येतं ते सांग आधी.

टेरी_टॉवेल
ए, सोलापूरला नाव ठेवायचं नाही. पाणी चार दिवसांनी येतं, आम्ही भरून ठेवतो, पण कारखाना बंद करून पळून गेलो नाही. विमानासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडायला किती वर्षं भांडलं हे गाव, २०२३ ला पडली, २०२५ ला विमान उडालं. तुझ्यासारखे शिकून गेले, आता तिथून शहाणपण शिकवायलेत.

हडपसरकर
गेलो कारण इथं काम नव्हतं! २०११ ला इंजिनिअर झालो, बाळीवेशीतल्या एका दुकानात बिलं टाइप करायला ४,००० रुपये देत होते. हौस म्हणून गाव सोडलं नाही मी.

जुळे_सोलापूर_ताई
भांडण थांबवा जरा. माझ्या भावाने बँकेचा त्रास नको म्हणून वर्षभर पगार यूएसडीटीमध्ये (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो) घेतला. विकताना समोरच्याने खात्यात टाकलेले पैसे कुठल्या तरी फसवणुकीतले निघाले, परराज्यातल्या सायबर पोलिसांनी खातं गोठवलं. अडीच महिने. घराचा हप्ता माझ्या बांगड्यांवर गेला. नियम त्रासदायक आहेत, कबूल, पण ते चुकवायच्या नादाला कुणी लागू नका.

आकडेमोड
ताई, त्यावर फायद्याला ३० टक्के कर आणि विकताना १ टक्का टीडीएस पण आहे, लोक विसरतात.

विजापूर_रोड
ताईंचं पटलं. मी त्या वाटेला जाणार नाहीच. पण माणसं तिकडं वळतात ती का? काउंटरवर कोड माहीत असणारा एक माणूस बसवला तर निम्मे वळणार नाहीत. टॉवेलवाले, तुमचं ओझं माझ्यापेक्षा मोठं आहे हे मान्य. त्याने माझं हलकं होत नाही.

टेरी_टॉवेल
हे बरोबर बोललास. रडतात लिहायला नको होतं, पण बाकी शब्दाला मी कायम आहे. सोमवारी साडेदहाला अशोक चौकात ये, आमच्या शाखेत फॉरेक्सचं बघणारे साहेब आहेत, ओळख करून देतो. इन्व्हॉइसच्या दोन प्रती आण आणि कोड वरच्या कोपऱ्यात पेनाने ठळक लिही, त्याशिवाय देऊ नकोस. आणि तो शिक्का पण आण.