मागच्या ट्यूबला दरवेळी दोन चिरा पडतात: हवा किती ठेवावी?

प्रश्न:
महिन्याभरात माझ्या ऑफ-रोड मोटरसायकलची मागची ट्यूब दोनदा पंक्चर झाली. गाडी साधारण ११० किलोची असून दगडांच्या वाटेवर पकड मिळावी म्हणून मी हवा १० पीएसआयपर्यंत उतरवतो. दोन्ही वेळा टायरमध्ये काटा किंवा खिळा सापडला नाही. ट्यूबवर मात्र बोटभर अंतरावर दोन बारीक चिरा होत्या. हवा वाढवली की चाक दगडांवरून उसळते. काय करावे?

पहिले उत्तर:
जोडीने पडलेल्या चिरा म्हणजे ट्यूबला बसलेला चिमटा. दगडावर आदळून टायर पूर्ण दबतो आणि ट्यूब रिम व दगड यांच्यामध्ये सापडते. काट्याने एकच छिद्र पडते, तेही बहुधा जमिनीकडच्या बाजूला. नेहमीच्या ट्यूबवर दगडांसाठी १० पीएसआय फारच कमी आहे. १५ पासून सुरुवात करून एकेक पीएसआय उतरवत जावे आणि रिमवर ठोका जाणवू लागला की पुन्हा एक-दोन वाढवावे. वाळूत किंवा चिखलात ११-१२ चालतात, कारण तिथे टायरला टोकदार मार बसत नाही. मोजमाप टायर थंड असतानाच करावे, कारण गाडी चालल्यावर टायर तापून दाब वाढतो आणि त्या वेळी उतरवलेली हवा दुसऱ्या दिवशी आणखी कमी भरते. गेज ३० पीएसआयपर्यंतचेच घ्यावे. मोठ्या गेजवर या पट्ट्यातला फरक नीट वाचता येत नाही.

दुसरे उत्तर:
वरील मताशी मी सहमत आहे, पण व्हॉल्व्हही अवश्य पाहावा. हवा कमी असताना टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. त्यासाठी रिम लॉक, म्हणजे टायरला रिमवर दाबून धरणारा तुकडा, घट्ट हवा. व्हॉल्व्हवरचा नट रिमला आवळून न ठेवता वर टोपीपाशी ठेवावा, म्हणजे टायर सरकल्यास व्हॉल्व्ह तिरका झालेला लगेच दिसतो. ३ ते ४ मिलिमीटर जाडीची ट्यूब वजनदार असते, पण चिमट्याविरुद्ध तिचा खरोखर उपयोग होतो. पंक्चररोधक द्रव काट्याच्या छिद्रावर चालतो, अशा चिरांवर सहसा नाही.

प्रश्नकर्ता:
आज चाक उघडले. रिमच्या काठावर अंगठ्याएवढी चेप होती आणि व्हॉल्व्ह स्पष्टपणे तिरका झाला होता, जे इतके दिवस माझ्या लक्षातच आले नव्हते. जाड ट्यूब बसवून हवा १४ ठेवली आहे.

पहिले उत्तर देणारे:
ट्यूब बसवताना तिच्यात आकार येण्यापुरती थोडी हवा भरली होती ना? रिकामी ट्यूब टायर चढवायच्या लिव्हरखाली सहज सापडते. चेपेची कडही कानशीने गुळगुळीत करून घ्यावी.