मदत हवी आहे : सात दिवस, चौदा पॉईंट, काय ठेवू काय काढू? (तातडीने)

मीरा_इंदिरानगर (सोमवार, रात्री १०:१२)
ट्रॅव्हलवाल्याने सात दिवसांत चौदा ठिकाणं कोंबली आहेत. रोज सकाळी आठला गाडीत बसायचं, संध्याकाळी सातला हॉटेलवर. त्यात बीच फक्त दोन, तेही "फोटो स्टॉप". आम्हाला समुद्र हवाय. शिवाय ज्वालामुखीचं तोंड, रंगीत माती आणि तो समुद्रातला धबधबा बघायचाच आहे. बाकीचं काय काढू? उद्या दुपारपर्यंत कळवलं नाही तर पॅकेज आहे तसं पक्कं होणार. गूगल करा म्हणू नका, तेच करून डोकं उठलंय.

भटक्या_गंगापूररोड
बेट कुठलं? महिना कुठला? माणसं किती, वयं काय? चौदा नावं कुठली? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि वर "तातडीने".

सातपूर_एमआयडीसी
ज्वालामुखी म्हणजे बाली. बातुर, १७१७ मीटर. पहाटे अंधारात चढायला लागायचं, वरून सूर्योदय बघून खाली. उत्तरेला लोविनाची काळी वाळू. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तिकडे कोरडा मोसम असतो. डोळे झाकून जा.

मीरा_इंदिरानगर
अहो, मॉरिशस! समुद्रातला धबधबा लिहिलाय की, अजून कुठे असतो तो? तिकिटं निघालीत, बाली नको. ऑगस्टचा दुसरा आठवडा, सहा रात्री. हॉटेल एकदम बीचवर आहे, तो प्रश्नच नाही.

दर्यावर्दी_नाशिक
तोच प्रश्न आहे. हॉटेल कुठल्या बाजूला?

मीरा_इंदिरानगर
बेल मार. पूर्वेला म्हणे. पण बेट केवढं, ६५ किलोमीटर लांब. बाजूने काय फरक पडतो?

दर्यावर्दी_नाशिक
ऑगस्टमध्ये सगळा फरक बाजूनेच पडतो. मॉरिशस दक्षिण गोलार्धात, म्हणजे तुम्ही ऐन हिवाळ्यात जाताय. या दिवसांत आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात आणि आधी धडकतात ते पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला. बेल मार थेट त्यांच्या तोंडावर. मधलं पठार आणि डोंगर आडवे आल्यामुळे पश्चिम आणि वायव्य किनारा आडोशाला राहतो : फ्लिक आन फ्लाक, त्रू ओ बिश, मॉन श्वाझी. जोराच्या वाऱ्याच्या दिवशी बेल मारला वाळू पोटऱ्यांना टोचते, आणि त्याच वेळी फ्लिक आन फ्लाकला अंथरलेल्या टॉवेलचं टोकही हलत नाही. ल मॉर्न नैऋत्येच्या टोकाला आहे, पण त्याला आडोसा समजू नका. तिथे वारा वळून येतो, म्हणून तर काईटसर्फिंगवाले तिथे जमतात.

पाणी २२-२३ अंश. मोठ्या माणसाला चालतं. लहान मूल वाऱ्यात ओलं उभं राहिलं तर दहा मिनिटांत ओठ निळे.

सहा रात्री एकाच ठिकाणी ठेवू नका. चार पश्चिमेला, दोन पूर्वेला.

कट्टा_कॉलेजरोड
कशाला घाबरवता त्यांना? बेल मारसारखी लांबलचक पांढरी वाळू बेटावर मोजक्याच ठिकाणी आहे. प्रवाळाची भिंत लांब आहे, आत लाट येतच नाही. सूर्योदय थेट समोर. इल ओ सर्फची बोट जवळून सुटते. हॉटेल अजिबात बदलू नका.

दर्यावर्दी_नाशिक
लाट येत नाही हे खरं. वारा भिंत बघून थांबत नाही.

कट्टा_कॉलेजरोड
सकाळी दहापर्यंत बराच शांत असतो. पोहायचं तेवढ्यात उरकायचं.

दर्यावर्दी_नाशिक
म्हणजे सकाळी पोहायचं, दुपारी खोलीत बसून वारा ऐकायचा. तेच म्हणतोय मी.

देवळाली_कॅम्प
चक्रीवादळाचं बघितलं का? तिकडे फार येतात. विमा काढा.

भटक्या_गंगापूररोड
चक्रीवादळं नोव्हेंबर ते एप्रिल, त्यातही जोर जानेवारी ते मार्च. ऑगस्टमध्ये ती भीती नाही. विमा काढावा, पण दवाखान्यासाठी.

मीराताई, आता धबधब्याचं. तो ल मॉर्नच्या टोकाशी आहे आणि धबधबा नाही. लगूनमधली (किनारा आणि प्रवाळाची भिंत यांमधलं उथळ पाणी) वाळू आणि गाळ प्रवाळाच्या खिंडीतून खोल पाण्यात सरकतो. उथळ भाग फिका निळा, पुढे खोल भाग एकदम गडद, त्यामुळे पाणी कोसळतंय असा भास होतो. हा भास फक्त वरून होतो. किनाऱ्यावर उभं राहून किंवा बोटीतून तिथे नुसता समुद्र दिसतो. हेलिकॉप्टर किंवा सीप्लेन घ्यावं लागतं आणि ते चांगलंच महाग पडतं. तुमच्या कागदावर "अंडरवॉटर वॉटरफॉल व्ह्यू" असं लिहिलं असेल तर एकच विचारा : बघायचा कशातून?

मीरा_इंदिरानगर
विचारलं. "पॉईंटवरून" म्हणाला. कुठला पॉईंट विचारल्यावर बघून सांगतो म्हणाला. काढला तो.
यादी टाकते : पोर्ट लुई, सर्फ क्रेटर, इल ओ सर्फ, शामारेल धबधबा, सात रंगांची माती, गंगा तलाव, ग्री ग्री, ब्ल्यू बे, डॉल्फिन, काप मालेरो (उत्तरेचं टोक), बोटॅनिकल गार्डन, कासेला पार्क (प्राण्यांचं), ब्लॅक रिव्हर गॉर्जेस, ल मॉर्न ट्रेक. सर्फ दोनदा आलंय, एक काढू का?

भटक्या_गंगापूररोड
थांबा, दोन्ही वेगळी. त्रू ओ सर्फ म्हणजे क्युरपीप गावातलं ज्वालामुखीचं तोंड, पठारावर. इल ओ सर्फ म्हणजे पूर्वेचं छोटं बेट, त्रू द'ओ दूसहून बोटीने जायचं. 'सर्फ' म्हणजे हरीण, लाटांवरच्या सर्फिंगशी संबंध नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं "सर्फ" म्हणू नका, पूर्ण नाव सांगा.

बेसाल्ट_पांडवलेणी
ज्वालामुखीच्या तोंडात लाव्हा दिसेल अशी आशा असेल तर आत्ताच सोडा. त्रू ओ सर्फ तीनशे मीटरहून रुंद वाडगं आहे, आत दाट झाडी आणि तळाशी डबकं. कडेने रस्ता आहे, गाडी थेट वर जाते, पाऊण तास खूप झाला. क्युरपीप ढगात असेल तर वळूसुद्धा नका. पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस, पश्चिम किनाऱ्याला हजाराच्या आत. खाली ऊन असतानाही गाडीत रेनकोट आणि स्वेटर ठेवा. गंगा तलावही तशाच जुन्या तोंडात साठलेलं पाणी आहे.

आणि एक सांगू का, हा दगड आपल्या ओळखीचा आहे. आज जो हॉटस्पॉट (जमिनीखालून तप्त खडक वर येत राहतो ती जागा) मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, त्याच्यावरून भारताचा भूखंड सरकत असताना सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा दगड) ओतला गेला असं मानतात. ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणी ज्यात कोरलीत तो डोंगर, सगळा तोच माल. त्याच हॉटस्पॉटने मॉरिशस वर आणलं ते फार नंतर, सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी. रियुनियनचा पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी अजून पेटतो, मॉरिशसचा थंड आहे. बेसाल्टचे उभे चौकोनी खांब बघायचे तर सुयाकजवळचा रॉचेस्टर धबधबा यादीत घाला, तो चौदांत नाही.

सातपूर_एमआयडीसी
त्र्यंबकचाच दगड बघायला विमानाचं तिकीट? मग बालीत निदान धूर तरी दिसतो.

मीरा_इंदिरानगर
दगडाचं नंतर. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात. मुलगा सहा वर्षांचा. पोहता कोणालाच येत नाही. आता यादी सांगा.

भटक्या_गंगापूररोड
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं हो!

ल मॉर्न ट्रेक बाद. डोंगर ५५६ मीटरच, पण जाऊन-येऊन तीन-चार तास. निम्मी वाट रुंद आणि सोपी, वरचा टप्पा हातापायांनी चढायचा. पाऊस पडून गेला की बेसाल्ट साबणासारखा होतो. पायथ्याचा बीच बघा, डोंगर तिथूनच छान दिसतो.

ग्री ग्री ठेवा, पण पाण्यात पाऊल नाही. तिथे प्रवाळाची भिंत नाही, समुद्र थेट काळ्या कड्यावर आपटतो. कड्याच्या काठावर मुलाचा हात सोडायचा नाही. वरच्या हिरवळीवरून सासूबाईंना बसल्या बसल्या सगळं दिसेल.

सात रंगांची माती : बेसाल्ट झिजून त्याची चिकणमाती झाली, सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली, त्यातून लाल, तपकिरी, जांभळट छटा. मातीवर चालता येत नाही, कठड्याबाहेरून बघायची. ढगाळ हवेत सगळं विटकरी दिसतं आणि लोक चिडतात. ऊन असेल त्या दिवशी जा. धबधबा त्याच आवारात, साधारण शंभर मीटर उंच. पायऱ्या न चढताही एका कठड्यावरून दिसतो.

डॉल्फिनची बोट काढा. पहाटे निघायचं, हिवाळ्यात बाहेरचं पाणी हलतं, ओकाऱ्या होतात. बोटॅनिकल गार्डन आणि कासेला यांतलं मुलाला विचारून एकच. गॉर्जेस नुसता व्ह्यू पॉईंटपुरता, शामारेलच्या वाटेवर आहे.

दर्यावर्दी_नाशिक
पोहता येत नाही ना, मग नीट वाचा. लगूनमध्ये पाणी कमरेएवढं असतं म्हणून माणूस निर्धास्त होतो. भरती-ओहोटीचा फरक मीटरभरसुद्धा नसतो, पण लाटांनी भिंतीवरून आत आलेलं पाणी बाहेर पडतं ते भिंतीतल्या खिंडीतून, आणि तिथे ओढ असते. दूरवर पांढऱ्या फेसाची रेघ दिसते ना, ती जिथे तुटलेली आणि पाणी गडद, तीच खिंड. तिच्या समोर उतरू नका. सार्वजनिक बीचवर बॉया लावून पोहण्याचा भाग आखलेला असतो, त्याच्या आतच राहा. नदीच्या मुखाशी गोड पाणी आणि गाळ यांमुळे प्रवाळ वाढत नाही, भिंत तुटते. तामारिनला म्हणूनच लाटा येतात आणि सर्फिंग चालतं. तुमच्यासाठी ते नाही.

रबरी तळाचे बूट सगळ्यांना, गुडघाभर पाण्यातही. समुद्री साळूचे काटे पायात तुटतात. दगडमासा तर दगडासारखाच दिसतो, त्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. बर्फ लावू नका.

प्रवाळ बघायचं तर ब्ल्यू बेला काचेच्या तळाची बोट, सकाळी. पोहावं लागत नाही.

कट्टा_कॉलेजरोड
गाडी भाड्याने घ्या. आपल्यासारखीच डावीकडून चालते. चौदा पॉईंटची कटकटच नको.

भटक्या_गंगापूररोड
ऑगस्टमध्ये उसाचा तोडणी हंगाम असतो. गावातले रस्ते अरुंद, कडेला दगडी बांध, समोरून उसाने भरलेला ट्रक. सहाच्या सुमारास अंधार पडतो. चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, अनामत त्यावर अडकते. सासूबाई आणि मूल असताना तीन दिवस टॅक्सी करा, दिवसाचा ठोक भाव आदल्या दिवशी ठरवून. उरलेले दिवस बीचवर, तिथे गाडी लागतच नाही.

कट्टा_कॉलेजरोड
आपला पेठ रोड चालवणाऱ्याला मॉरिशसचा रस्ता अवघड जाईल?

मिसळ_पंचवटी
खाण्याची काळजी नको. रस्त्यावर "ढोल पुरी" मिळते, म्हणजे आपली डाळ भरलेली पुरी, पातळ पोळीसारखी, दोन-दोनच्या जोडीने गुंडाळून देतात. "गातो पिमाँ" म्हणजे डाळवड्याचा धाकटा भाऊ. पिवळी पुरी हातात गरम लागली तरच घ्या, दुपारनंतरची कडक होते. तिकडे मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

देवळाली_कॅम्प
सासूबाईंच्या औषधांचं बघा. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेल्या गोळ्या-सिरपवर तिकडे कडक नियम आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, गोळ्या मूळ पाकिटात. फळं, भाज्या, बिया बॅगेत नकोत. परत येताना वाळू, प्रवाळ, शंख उचलू नका. आणि ऑगस्टमध्ये कसारा घाटात पाऊस-धुकं, विमानाच्या वेळेच्या आधी नाशिकहून नऊ तास तरी निघा.

मीरा_इंदिरानगर (मंगळवार, दुपारी १२:४०)
ट्रॅव्हलवाला हॉटेल बदलायला तयार झाला, थोडे पैसे वर घेतोय. आता असं : चार रात्री फ्लिक आन फ्लाक, दोन बेल मार. टॅक्सीचे तीन दिवस. एक शामारेल, गंगा तलाव आणि ऊन असेल तर क्रेटर. दुसरा ग्री ग्री आणि रॉचेस्टर. तिसरा बेल मारला जाताना पोर्ट लुई. इल ओ सर्फ पूर्वेच्या दोन दिवसांत. रविवारी काय ठेवू?

भटक्या_गंगापूररोड
रविवारी फ्लिक आन फ्लाकला सुरूच्या झाडांखाली अख्खी कुटुंबं भांडीकुंडी घेऊन येतात, जागा मिळत नाही. रविवारी शामारेलचा दिवस ठेवा. पोर्ट लुई रविवारी नको, दुपारनंतर दुकानं बंद. रॉचेस्टरला शेवटचा तुकडा उसातून कच्चा रस्ता आहे, सासूबाईंना गाडीतच बसू द्या. ब्ल्यू बे विसरलात. विमानतळाजवळच आहे, परतीचं विमान दुपारनंतरचं असेल तर त्याच दिवशी सकाळी.

मीरा_इंदिरानगर
विमान रात्रीचं आहे. मग ब्ल्यू बे शेवटच्या दिवशी. मुलाच्या मापाचे ते बूट नाशकात मिळतील का?

दर्यावर्दी_नाशिक
मेनरोडला बघा. घेताना तळ अंगठ्याने आतून दाबा. बोट उमटलं तर काटाही आत येईल, जाड तळाचे घ्या. आणि एक माप घट्टच, पाण्यात सैल होतात.