'ऑर्गन'ला पेटी म्हणावं का?

एका लेखाचं भाषांतर करतोय. त्यात चर्चमधला ऑर्गन आहे, अख्खी भिंत व्यापणारा. मी 'मोठी पेटी' लिहिलं. वाचणाऱ्या मैत्रिणीला संगीत नाटकाची पायपेटी आठवली. मग योग्य शब्द कोणता?

— 'पेटी' नकोच. या दोन वाद्यांत आवाज निघतो तो वेगवेगळ्या जागी. पेटी उघडून बघा. आत पितळेच्या पत्त्या एका टोकाला पक्क्या जखडलेल्या, दुसरं टोक मोकळं. नखाने छेडली तर जेमतेम किणकिणते. भात्याची हवा फटीतून गेली की तीच पत्ती थरथरते आणि भरीव स्वर लागतो. या पत्त्यांनाच 'सूर' म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो, कारण तिथे स्वर खरोखर हातात धरता येतो. टोकाशी घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो.

चर्चच्या ऑर्गनात मुख्य काम बासरीचं. हवा नळीच्या ओठावर आपटते आणि आतली हवा घुमते. स्वर ठरतो लांबीवर: 16 फुटांची उघडी नळी 8 फुटांच्या नळीपेक्षा एक सप्तक खाली बोलते. वरचं तोंड बंद केलं तर निम्म्या लांबीत तोच स्वर मिळतो. पत्तीच्या नळ्याही असतात, पण वाद्याचा कणा या ओठाच्या नळ्याच.

— यात हवेचा दाब जरा हलला तरी नळीचा स्वर हलतो. म्हणून इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियस या ग्रीक यंत्रकाराने पाण्याच्या वजनाने दाब स्थिर ठेवला. ऑर्गनचा इतिहास तिथून सुरू होतो. हार्मोनियम त्यामानाने कालचं पोर: पॅरिसच्या अलेक्झांडर दबँने 1842 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे थोरल्याला धाकट्याचं नाव देऊ नये!

— व्युत्पत्तीही पाहा. ग्रीक 'ऑर्गनॉन' म्हणजे अवजार, काम करायचं साधन. इंग्रजीत शरीराचा अवयव आणि हे वाद्य एकाच नावाचे झाले ते त्यामुळे. आपल्याकडे 'यंत्र' शब्दाची वाट अशीच आहे, म्हणून तर 'वाद्ययंत्र'. आणि 'बाजा' मुळात 'वाद्य'च. 'बाजाची पेटी' यातला बाजा गळला आणि नुसती पेटी उरली.

— मग हा ऑर्गन सुषिर वाद्य म्हणायचा का? भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'तल्या तत (तारांची), अवनद्ध (चामडं मढवलेली), घन (ठोक्याची), सुषिर (हवेची) या वाद्यांच्या चार वर्गांत?

— हो, नि:संकोच. सुषिर म्हणजे पोकळ, आणि इथे तर पोकळीच बोलते. पेटीलाही वाऱ्यावर चालते म्हणून सुषिरात बसवतात, पण तिच्यात नाद पत्तीचा असतो, हे विसरू नये. नाटकातला ऑर्गनही पत्त्यांचाच, पेटीच्या कुळातला. त्या घाटाच्या अमेरिकन ऑर्गनात भाता हवा बाहेर ढकलत नाही, सुरांमधून आत ओढतो. म्हणून त्याचा आवाज पेटीपेक्षा मऊ आणि गोल लागतो. तुमच्या लेखासाठी 'नळ्यांचा ऑर्गन' लिहा. 'नलिका-वाद्य' वगैरे घडवू नका, कोणी म्हणणार नाही.

— पटलं. क्रियापदही बदलतो. मी 'ऑर्गन वाजू लागला' लिहिलं होतं. आता: 'नळ्यांचा ऑर्गन घुमू लागला.'