पूरग्रस्तांच्या छावणीत तालमीच्या पोरांकडून कामं कशी करून घ्यावीत?

पेठेतला_गडी:
नमस्कार मंडळी. यंदा आमच्या तालमीचं अध्यक्षपद माझ्याकडं आलंय. पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडं निघाली की आमच्या भागातली कुटुंबं शाळेत हलवावी लागतात. सव्वाशे माणसं, तीन संडास, पाण्याला टँकर. पोरं पंचवीस. सामान उतरवायला, बोटीत बसायला सगळी पुढं. पण संडास, पिण्याचं पाणी, म्हाताऱ्यांची औषधं म्हटलं की पांगतात. ओरडून उपयोग नाही, पदाला कोण विचारतंय. सुरुवात कुठून करू?

गंगावेस_कट्टा:
संडासापासून. पहिले तीन दिवस सकाळी सहाला खराटा तुमच्या हातात पाहिजे. ग्रुपवर मेसेज टाकू नका, फोटो तर अजिबात नको. आपल्याकडं ‘आधी केले, मग सांगितले’ म्हणतात, त्यातलं ‘आधी’ इथं लागू पडतं.

काम नीट करायचं तर रबरी हातमोजे, गमबूट आणि लांब दांड्याचा ब्रश घ्या. आधी साध्या पाण्यानं घाण काढून घ्या. घाणीवरच ब्लिचिंग ओतलं तर त्यातला क्लोरीन घाणीशीच झुंजण्यात संपतो, फरशी तशीच राहते. घाण निघाली की 10 लिटरच्या प्लास्टिक बादलीत 150 ग्रॅम ब्लिचिंग पावडर (33 टक्के क्लोरीनची) कालवून ओता, दहा मिनिटं थांबा, मग धुवा. लोखंडी बादली घेऊ नका, गंजते. आणि ब्लिचिंगच्या जोडीला संडासाचं ॲसिड कधीही नाही. दोन्ही एकत्र आलं की विषारी वायू सुटतो, आणि छोट्या संडासात माणूस गुदमरतो. पोरं हौसेनं दोन्ही ओततात, म्हणून ॲसिडची बाटली छावणीत आणूच नका.

कडी, नळाची चावी आणि टमरेलाचा कान हे पुसायचं हमखास राहतं, आणि हात तर सगळ्यांचे तिथंच लागतात. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा, सुटा ठेवलेला टिकत नाही.

सव्वाशे माणसांना तीन म्हणजे एका संडासामागं चाळीसच्या वर. सुरुवातीच्या धावपळीत 50 पर्यंत चालवून घेतात, पण लवकरात लवकर 20 वर आणावं, असा मदतकार्यातला मान्य निकष आहे. म्हणून पहिल्याच दिवशी महापालिकेकडं फिरते संडास मागा. तोवर दिवसातून चार वेळा सफाई.

दुसऱ्या दिवशी जवळ घुटमळणाऱ्या एखाद्याला एवढंच म्हणा, ‘जरा पाणी ओत रे.’ लगेच ब्रश हातात देऊ नका.

टाकी_आणि_तोटी:
मी पाण्यावर बोलतो. 2019 च्या महापुरात बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रंच पाण्यात गेली आणि सगळं शहर टँकरवर आलं. त्यामुळं टँकर आला म्हणजे पाणी शुद्धच, असं धरून चालू नका.

प्रमाण 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे तीच ब्लिचिंग पावडर. म्हणजे 5000 लिटरच्या टाकीला 25 ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. मगभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता आणि अर्धा तास तोटी उघडू नका. पोरं चुकतात ती इथंच. लोक रांगेत उभे असतात, दया येते आणि पाचव्या मिनिटाला तोटी सोडली जाते. मग पाणी प्यायलं तरी जुलाब, आणि दोष टँकरला. त्या अर्ध्या तासासाठी वेगळं पिंप भरून ठेवा, म्हणजे कुणाला थांबवावं लागत नाही.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसवा, वरचं पाणी दुसऱ्या पिंपात काढा आणि मग क्लोरीन. उलट क्रम केला तर गाळच क्लोरीन खातो. पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणाऱ्या ओटी चाचणीची बाटली आरोग्य केंद्रातून आणा. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, रंगच आला नाही तर डोस वाढवा. पोतं उघडं राहिलं, ओल लागून गठ्ठे झाले की पावडरीचा दम जातो, मग ग्रॅमचा हिशेब कागदावरच राहतो.

पिंपात हात बुडवून तांब्या भरणं बंद करायचं तर पाटी लावून होत नाही. लांब दांड्याचं ओगराळं साखळीनं पिंपाला लावा आणि पहिले दोन-तीन तास एक पोरगा तिथं उभा राहून म्हाताऱ्यांना, लेकरांना स्वतः पाणी वाढू दे. हे काम सगळ्यात दांडग्या, ज्याचं बाकीची ऐकतात अशा पोराला द्या. तो मान खाली घालून पाणी वाढतोय म्हटल्यावर बाकीच्यांचा संकोच आपोआप सुटतो.

करवीर_सेविका:
दादा, एक शंभर पानी वही घ्या. माणसं शाळेत शिरताना नावापुढं तीनच गोष्टी लिहा: रोजची गोळी कोणती, किती दिवसांची शिल्लक, बाई गरोदर असेल तर कितवा महिना. पुरात घर सोडताना बीपी-शुगरच्या गोळ्या हमखास घरी राहतात, आणि विचारल्याशिवाय म्हातारी माणसं सांगत नाहीत. विचारायला उभ्यानं जाऊ नका, शेजारी खाली बसा. रोज संध्याकाळी एकच पोरगा ती वही घेऊन फिरू दे. माणूस बदलला की आजी परत गप्प होतात.

इन्सुलिन असेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, डब्यात घाला आणि डबा मातीच्या मडक्यात ठेवून मडक्याला ओलं फडकं गुंडाळा. बर्फाला थेट लावू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

जुलाब सुरू झाले आणि ओआरएसची पुडी नसेल तर 1 लिटर शुद्ध पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. 24 तासांनी उरलेलं फेकायचं.

बायकांच्या संडासाच्या वाटेवर रात्री दिवा पाहिजेच. वीज गेली तर चार्जिंगचा दिवा, तो भरायची जबाबदारी एकाच्या नावावर. अंधार असला की बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. पॅड वाटायला पोरांना पाठवू नका. एका ताईकडं पिशवी द्या, शेजारी कागद आणि झाकणाची बादली ठेवा.

पोरांनाही जपा. पायाला जखम असलेला चिखलात उतरणार नाही, हा नियम सगळ्यांना, अध्यक्षांनाही. लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापाची) भीती असते, प्रतिबंधक गोळी द्यायची का ते डॉक्टर ठरवतील. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आधीच विचारून ठेवा.

सुतारवाडा_नाका:
कट्टेकरी दादांचं बरोबर, पण अर्धं. अध्यक्ष रोजच एकटा घासत राहिला तर पोरांना सवय लागते, ‘दादा करतोयच की.’ चौथ्या दिवसापासून जोड्या लावा: एक जुना, एक नवा, चार-चार तास. फळ्यावर कामाखाली नाव लिहा, ‘सर्वांनी लक्ष द्यावे’ असलं काही नको. एखाद्यानं पाळी चुकवली तर चारचौघांत बोलू नका. त्या वेळेला तुम्ही जाऊन काम करा आणि नंतर एकट्याला गाठून अडचण विचारा. बऱ्याचदा त्याच्याच घरात पाणी शिरलेलं असतं.

जेवण: शंभर माणसांच्या खिचडीला 8 किलो तांदूळ, 3 किलो मूगडाळ. शिजवल्यावर दोन तासांत संपवा, कोमट भात पिंपात मुरत ठेवला की उलट्या ठरलेल्या. एकदम मोठं पातेलं चढवण्यापेक्षा दोनदा शिजवा. आधी लेकरं आणि म्हातारी, मग बाकीचे, मग पोरं, शेवटी तुम्ही. रात्रपाळीच्या जोडीला मात्र पाळीआधीच गरम जेवू घाला. उपाशी पोरगं पहाटे तीनला पिंपापाशी उभं राहत नाही.

पेठेतला_गडी:
फार उपयोगी, सगळं वहीत उतरवलं. पाणी चढलं की अर्धी पोरं शिवाजी पुलावर बघायला पळतात, त्याचं काय? आणि पाणी उतरल्यावर घरं कुठल्या क्रमानं साफ करू?

सुतारवाडा_नाका:
पुलावर जाऊ दे, पण पाळी संपल्यावर, आणि येताना पातळीचा आकडा आणून फळ्यावर लिहायचा. छावणीतल्या माणसांना तो आकडा जेवणाइतकाच हवा असतो.

घरांचा क्रम पाणी उतरायच्या आधीच ठरवा आणि वाचून दाखवा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आधी, मग बाळंतीण किंवा आजारी माणूस असलेली घरं, मग बाकीची. तुमचं आणि कार्यकारिणीचं घर शेवटी. आत शिरण्यापूर्वी मेन स्विच बंद आहे का बघा, काठीनं कोपरे ठोका, साप वर चढून बसलेले असतात. गाळ ओला असतानाच फावड्यानं ओढा. दोन दिवस ऊन लागलं की तो फरशीला धरतो आणि एका घराला तिप्पट वेळ जातो. भिंती वरून खाली धुवा. फोटो, कागदपत्रं, देवघरातलं काहीही घरच्यांना दाखवल्याशिवाय ढिगात टाकू नका. त्यासाठी दारात एक रिकामी टोपली ठेवा.