‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात दारूगोळ्याबरोबर कापूस कशाला होता?

चिंचबंदरकर:
आमची आजी मुंबईत गोदीजवळ चिंचबंदरच्या चाळीत राहायची. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुपारच्या चहाचं आधण ठेवलं आणि मांडणीवरची भांडी धडाधड खाली आली, असं ती सांगायची. तिच्या पितळी कळशीला तेव्हा पडलेला पोचा अजून तसाच आहे. आजी म्हणायची, “आधी आवाज, मग आभाळातून पेटता कापूस.” दारूगोळ्याचं जहाज फुटलं एवढंच मला ठाऊक. मग कापूस कुठला?

धक्क्यावरचा:
आजींनी सांगितलं ते खरं आहे. माझे वडील गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद ठेवणारे कारकून होते. ते १९५० नंतर लागले, पण त्यांच्याबरोबरच्या जुन्या माणसांनी तो दिवस पाहिलेला. आमच्या घरी हा विषय जेवताना निघायचा आणि जेवण राहून जायचं.

जहाज १९४२ साली कॅनडात, प्रिन्स रुपर्टला बांधलेलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडच्या बर्कनहेडहून निघालं तेव्हा पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, शिवाय लढाऊ विमानं आणि सोन्याच्या १२४ विटा. कराचीला थोडा माल उतरला आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या ८,७०० गासड्या, तेलाची पिंपं, भंगार, लाकूड भरलं. लढाईत जहाजांची टंचाईच तेवढी होती, रिकामी जागा कोण सोडणार?

१२ तारखेला मुंबईत आलं, व्हिक्टोरिया गोदीत लागलं. दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यात, खाली कापूस आणि वर दारूगोळा. १४ ला दुपारी दीड-दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाले पाणी ओतत राहिले, नऊशे टनांच्या वर. पण कापूस तरंगतो हो! जसजसं पाणी चढलं तसतशा धुमसत्या गासड्या वर, दारूगोळ्याकडे सरकल्या. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. शेजारच्या ‘जलपद्म’ जहाजाची मागची बाजू उचलून शेडच्या छपरावर जाऊन पडली. शिमल्याच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली. जळत्या गासड्या मांडवी, मशीद बंदरापर्यंत उडाल्या आणि गोदामं पेटली.

मला आजही सलतं ते एकच. दारूगोळ्याच्या जहाजावर लाल बावटा लावायची रीत होती, आणि या जहाजावर तो नव्हता. शेजारच्या जहाजांवरची माणसं कठड्याला टेकून आग बघत उभी होती.

लालबंब:
माझे मामा अग्निशमन दलात होते, म्हणून लिहितो. त्या दिवशी दलाचे ६६ जवान गेले. चार वाजता ते सगळे जहाजावर आणि धक्क्यावर, हातात पाइप घेऊन. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. शाळेत हे कुणी शिकवत नाही याचं फार वाईट वाटतं.

माजघर:
युद्धामुळे बातमीवर सेन्सॉर होता. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने स्फोटाची बातमी आधी दिली, इथल्या वर्तमानपत्रांना मात्र मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं. गावाकडच्या माणसांना आपला माणूस जिवंत आहे की नाही हे कसं कळलं असेल?

चिंचबंदरकर:
आजीचा थोरला भाऊ गोदीत मजुरांच्या टोळीत होता, तो परत आला नाही. रत्नागिरीला पणजीला, म्हणजे आजीच्या आईला, पोस्टकार्ड गेलं ते महिन्याभराने. धक्क्यावरचा, फाळक्याचं तुम्ही सांगितलंत ते आईला वाचून दाखवलं. तिने कळशी माळ्यावरून काढून घेतली आणि पोच्यावरून बराच वेळ हात फिरवत बसली होती.