एमए, कथा आणि पायथन : आधी क्रेडिटचं बघा

एमए करता करता कथा लिहायच्या आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषाही शिकायची, हे कसं जमवायचं असं कुणी विचारलं की "एमए होईपर्यंत कोडिंग बाजूला ठेव, नाहीतर तिन्ही अर्धवट राहतील" असं सांगितलं जातं, ते मला अर्धंच पटतं. तिन्ही सारख्याच जोमात होत नाहीत हे खरंय, पण कोडिंग म्हणजे डिग्रीच्या बाहेरचंच काहीतरी असं सगळे का धरून चाललेत? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून करता येतात आणि त्यांचे क्रेडिट (कोर्स पूर्ण केल्याचे श्रेयांक) डिग्रीत धरले जातात (आधी ही मर्यादा २० टक्के होती). 'स्वयम्'वरचा एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमाचा) पायथनचा बेसिक कोर्स बारा आठवड्यांचा आहे, शिकायला फुकट, फी फक्त परीक्षेला बसायचं असेल तरच, २५ टक्के मार्क असाइनमेंटचे आणि ७५ टक्के परीक्षेचे. अट एकच, आपल्या विद्यापीठाने तो कोर्स मान्य केलेला हवा, त्यामुळे नाव घालायच्या आधी विभागप्रमुखांना विचारा आणि होकार लेखी घ्या, तोंडी "हो हो करा की" नंतर कुणाला आठवत नाही.

कथेचं मात्र वेगळं आहे. दिवसभर कोडमधल्या चुका (एरर) शोधल्यावर डोकं जिथेतिथे चूकच बघतं, पहिला खर्डा लिहिताना नेमकं तेच नको असतं. म्हणून नवीन कथा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहितो, दिवाळी अंकांना पाठवायलाही ते सोयीचं पडतं. सेमिस्टर चालू असताना फक्त जुन्या खर्ड्यांची काटछाट, त्याला ते खडूस डोकं बरं चालतं.