गेनपेई म्हणजे खानदानी खुन्नस? अहो, जमिनीचं भांडण होतं ते!

दिवाणीवाला

काल एक पोस्ट सगळ्या ग्रुपवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचली. म्हणे बाराव्या शतकात जपानात तायरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांची पिढीजात खुन्नस, त्यातून ११८० ते ११८५ गेनपेई युद्ध, मिनामोतो जिंकले, ११९२ ला त्यांचा म्होरक्या योरितोमो शोगुन (म्हणजे लष्करी सर्वेसर्वा) झाला आणि त्या दिवसापासून तलवारीचं राज्य सुरू. वर तुरा असा की सामुराई धन्याच्या शब्दाखातर मरायचा, जमीनजुमल्यासाठी नाही. खाली बदामांचा पाऊस. डोकंच फिरलं, म्हणून लिहितोय. लांबेल, कंटाळा आला तर पुढे सरका.

आधी घराण्यांचं बघू. ११५६ च्या होगेनच्या बंडात, म्हणजे दरबारातल्या गादीच्या भांडणात, योरितोमोचा बाप योशितोमो एका बाजूला आणि त्या योशितोमोचा स्वतःचा बाप तामेयोशी दुसऱ्या बाजूला. जिंकल्यावर बापाला मारायचं काम पोराच्याच गळ्यात पडलं. तिकडे तायरांच्या म्होरक्याने, कियोमोरीनेही सख्ख्या काकाला संपवलं. आता कुणाची कुणाशी खुन्नस ते तुम्हीच सांगा.

११८० मध्ये योरितोमो म्हणजे बाप तायरांकडून हरल्यावर इझू प्रांतात वीस वर्षं नजरकैदेत काढलेला कफल्लक माणूस. इशिबाशियामाला सपाटून मार खाल्ला आणि होडीत बसून आवा प्रांतात पळाला. मग त्याच्यामागे उभं कोण राहिलं? चिबा, काझुसा, मिउरा. सगळे वंशाने तायरा! त्याचे सासरे होजो, तेही स्वतःला तायराच म्हणवणारे. हे लोक का आले? चिबांचं घ्या. सोमा नावाची त्यांची जमीन, कागदोपत्री ईसेच्या देवस्थानाची, ताबा आणि देखरेख चिबांची. ११३६ ला प्रांताच्या सुभेदाराने सारा थकला म्हणून चिबाच्या बापाला कोठडीत घातलं आणि जमीन लिहून घेतली. पुढे ११६१ ला साताके योशिमुनेने ती गिळली, आणि हा साताके मिनामोतो बरं का. आता ११८० चा हिवाळा: फुजी नदीवर तायरांची फौज न लढताच पळाली, योरितोमो म्हणतो चला क्योतोवर, म्हणजे सम्राटाच्या राजधानीवर, आणि चिबा, मिउरा, काझुसा आडवे येतात, आधी हिताची प्रांतात जाऊन साताकेला बघा म्हणतात. आणि तो वळला! म्हणजे मिनामोतोने तायरांच्या सोबतीने मिनामोतोवर स्वारी केली, आणि म्हणे घराण्यांचं युद्ध.

सातबाऱ्यावरून आपलं नाव कोणी उडवू नये, एवढंच या मंडळींना हवं होतं. क्योतोत बसलेला कुणीही बडा माणूस ते उडवू शकत होता. योरितोमोने काय केलं, तर फुजी नदीवरून परतताना सागामी प्रांतात बैठक मारून लोकांच्या जमिनी ज्याच्या त्याच्या नावे कायम केल्या, काहींना नवीन दिल्या. अधिकार शून्य, दरबाराच्या लेखी तेव्हा तो बंडखोर. लष्करी राजवट तिथे सुरू झाली. ११९२ ला नुसती पदवी मिळाली.

कतानाप्रेमी

ती पोस्ट माझी आहे. टॅग करायची हिंमत नव्हती का?

तुम्ही वकील दिसताय त्यामुळे तुम्हाला सगळीकडे दावेच दिसणार. दान-नो-उराच्या सागरी लढाईत ११८५ मध्ये तायरांची माणसं रांगेने समुद्रात उड्या टाकतायत, कियोमोरीचा नातू, सहा वर्षांचा आन्तोकु सम्राट आजीच्या कडेवर बुडाला, ती म्हातारी काय जमिनीसाठी बुडाली? आणि मिनामोतोंकडून लढणारा कुमागाई नाओझाने? इची-नो-तानीच्या किनाऱ्यावर त्याने तायरांच्या आत्सुमोरीला खाली पाडलं, शिरस्त्राण काढून बघतो तर स्वतःच्या पोराच्या वयाचा मुलगा, रडत रडत मारलं आणि त्या दुःखात पुढे भिक्षू झाला. याला म्हणतात सामुराई. मी कराट्याला जातो, आमचे सर हीच गोष्ट सांगतात, सगळा हॉल गप्प होतो.

दिवाणीवाला

कुमागाई काढलात ना, बरं झालं. मी वाटच बघत होतो.

कामाकुरा म्हणजे योरितोमोचं ठाणं, तिथल्या सरकारी बखरीत, आझुमा कागामीत, कुमागाई भिक्षू का झाला ते दिलंय. साल ११९२, तुमचं लाडकं. कुमागाईचा मावशीच्या नवऱ्याशी, कुगे नाओमित्सुशी, हद्दीचा वाद. सुनावणी खुद्द योरितोमोपुढे. कुमागाई रणांगणावर वाघ, पण तोंडाने कच्चा. योरितोमो त्यालाच पुन्हा पुन्हा प्रश्न विचारायला लागला. तो भडकला, म्हणाला तुमचा खास माणूस काजिवारा कागेतोकी समोरच्या पार्टीला फितूर आहे, निकाल आधीच ठरलाय, मग हे कागद काय चाटायचे? सगळी कागदपत्रं अंगणात भिरकावली, उठला, बाहेर येऊन स्वतःच्या हाताने शेंडी कापली आणि घरीसुद्धा न जाता चालता झाला. तुमच्या सरांना सांगा, हॉल हसेल तरी.

असे अशील मी दर महिन्याला बघतो. फाईल फेकतात, फक्त शेंडी कापत नाहीत.

क्योतोपंथी

दिवाणीवाले, किस्सा छान रंगवलात, पण तुम्हीही त्या पोरासारखंच करताय, फक्त तलवारीच्या जागी दस्त. सागामीत जमिनी वाटल्या म्हणजे राजवट झाली? मग प्रत्येक दरोडेखोर राजवट चालवतो. ११८३ च्या दहाव्या महिन्यात दरबाराने फर्मान काढून पूर्वेकडचा कारभार योरितोमोकडे दिला, तेव्हा कुठे त्याच्या कागदाला वजन आलं. ११८५ ला शुगो (प्रांताचे लष्करी अधिकारी) आणि जितो (जहागिरीवरचे देखरेखदार) नेमायची परवानगी, तीही दरबाराकडूनच, सोबत तानामागे पाच शो (धान्याचं माप) लष्करी तांदूळ. तान म्हणजे आपले ढोबळ बारा गुंठे. आणि वर्षभरात बोंबाबोंब झाल्यावर तो तांदूळ मागेही घ्यावा लागला. जितो बसले ते बहुतेक तायरांकडून जप्त केलेल्या जमिनींवर. बाकी अर्धा देश क्योतोच्या हिशेबानेच चालत होता.

खरी लष्करी राजवट १२२१. निवृत्त सम्राट गो-तोबाने तेव्हा कामाकुरा चालवणाऱ्या होजोंविरुद्ध फर्मान काढलं, कामाकुराची फौज महिन्याभरात क्योतोत घुसली, गो-तोबा ओकी बेटावर, त्याचा मुलगा जुनतोकु सादो बेटावर, तीन हजारांवर जहागिरी जप्त. त्याआधी सगळी भागीदारी होती, तुम्ही मोठे की आम्ही. ११८५ म्हणा नाहीतर ११९२, शाळेच्या पेपरातल्या रिकाम्या जागा आहेत त्या.

धाकटी पाती

सगळं बोलताय, योरितोमोच्या धाकट्या भावाबद्दल, योशित्सुनेबद्दल कुणी अक्षर काढत नाही. इची-नो-तानी कुणी जिंकलं, याशिमा कुणी, दान-नो-उरा कुणी? धाकट्याने. आणि थोरला कामाकुरात बसून हिशेब लिहीत होता. शेवटी ११८९ ला कोरोमो नदीकाठी धाकट्याला मरायला लावलं. आमच्या घरातही हेच झालं, दुकान मी चालवलं आणि बोर्डावर नाव दादाचं. थोरले सगळीकडे सारखेच.

दिवाणीवाला

@क्योतोपंथी फर्मान ११८३ चं हे बरोबर आहे, ते मी गाळलं कारण आधीच लांबलं होतं. पण जे आधीच त्याच्या ताब्यात होतं त्यालाच दरबाराने शिक्का मारला हो. ताबा आधी, कागद मागून.

@धाकटी पाती तुमच्या योशित्सुनेने थोरल्याला न विचारता दरबाराची नेमणूक घेतली. नेमणुका आणि इनामं कामाकुरातूनच यायची, त्यावरच तर सगळा डोलारा उभा होता. लढाई जिंकणारे पन्नास मिळतात.

धाकटी पाती

पन्नास?? इची-नो-तानीला कड्यावरून घोडे उतरवणारे पन्नास?? तुम्ही थोरले आहात ना घरात. नक्की आहात.

शिरवळची लेक

इतका वेळ वाचतेय. बाप, काका, मावसा, दादा. जमिनीचं भांडण म्हणताय आणि एकही बाई नाही धाग्यात? योरितोमोची बायको होजो मासाको, तिला विसरलात? १२०५ ला स्वतःच्या बापाला घरी बसवलं तिने. १२२१ ला गो-तोबाचं फर्मान आलं म्हणून सगळे सामुराई चळचळा कापत होते तेव्हा तिनेच, योरितोमोचे उपकार डोंगराहून उंच आणि समुद्राहून खोल आहेत, असं सुनावलं आणि मग तुमचे ते वाघ हलले.

आणि नुसती मासाको नाही. कामाकुरात मुलींना जमिनीत हिस्सा होता, स्वतःच्या नावावर. ११८७ ला सामुकावाची म्हातारी, योरितोमोची दूधआई, मोठ्या कामगिरीबद्दल जितो झाली. मुलाची आई म्हणून नाही, स्वतःच्या नावाने. कामाकुराचे १२३२ चे ५१ कलमांचे कायदे बघा, विनाकारण टाकलेल्या बायकोला नवऱ्याने दिलेली जमीन परत मागता येत नाही, मूल नसलेल्या बाईला दत्तक घेऊन त्याला जमीन देता येते. तेरावं शतक!

आणि आमच्याकडे? अण्णा गेले, तेराव्याचं जेवण पचलं नाही तोवर भावाने आम्हा बहिणींना गाडीत घालून रजिस्टर ऑफिसला नेलं. हक्कसोडपत्र. माहेर तुटेल म्हणून सही केली. येताना प्रत्येकीला साडी. सहावारी, त्यातही माझी ब्लाउजपीसशिवाय. धरणाच्या पाण्यावर भिजणारी तीन एकर बागायत त्या साडीत गेली.

क्योतोपंथी

ताई, वाईट वाटलं, पण भावनेच्या भरात अर्धं सांगताय. त्याच कायद्यात अठरावं कलम आहे, मुलीला दिलेली जमीन आईबाप परत घेऊ शकतात. दरबारी कायद्यात एकदा दिली की दिली. म्हणजे लष्करवाल्यांनी मुलीचा हक्क कच्चाच केला. आणि या वाटण्यांनीच कामाकुरा पोखरली. पिढीगणिक तुकडे, पुढे १२७४ आणि १२८१ ला मंगोल आले, ते परतवले तरी बक्षीस द्यायला जमीन कुठेय, मग १२९७ ला गहाण जमिनी फुकट सोडवायचा हुकूम काढावा लागला. तुकडेबंदी उगाच नाही आणत सरकारं.

शिरवळची लेक

व्वा. म्हणजे मुलांमध्ये वाटली तर परंपरा आणि मुलीला दिली की तुकडे! दहा पोरांत दहा तुकडे होतात ते दिसत नाहीत, एका पोरीचा दिसतो. आणि अठराव्या कलमात कारणही दिलंय, परत घेता येणार नसेल तर आईबाप मुलीला द्यायलाच कचरतील. मुलाला दिलेलीही परत घेता यायचीच. ते नाही सांगितलंत. पुढे मंगोलांच्या धास्तीने मुलींचा हिस्सा फक्त हयातीपुरता करायला लागले, म्हणजे राजवट दुबळी झाल्यावर मुलींचं काढून घेतलं, मुलींमुळे दुबळी झाली नाही.

नुसताच वाचक

मंगोल निघालेच आहेत तर ताकेझाकी सुएनागा या सामुराईला विसरू नका. १२७४ ला लढला, बक्षीस नाही. मग घोडा-खोगीर विकून क्युशूहून कामाकुराला पायपीट, तिथे कुणी दारात उभं करेना, शेवटी बक्षिसांचं काम बघणाऱ्या आदाची यासुमोरीला गाठून मीच पहिला चाल करून गेलो म्हणून इतकी भुणभुण लावली की त्याने जमीनही दिली आणि घोडाही. धन्याच्या शब्दाखातर मरणारे म्हणे 😂

कतानाप्रेमी

बरं, जमीन, जमीन, जमीन. मान्य, खूश? सगळे सामुराई तलाठी होते. पण मग आन्तोकुच्या आजीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, मी बघतोय.

दिवाणीवाला

आजीबाई खरंच जमिनीसाठी बुडाल्या नाहीत, जा, घ्या एक मुद्दा. पण कियोमोरीचा सावत्र भाऊ योरिमोरी बुडाला नाही. त्याच्या आईने ११६० ला योरितोमोचा जीव वाचवला होता, म्हणून त्याच्या जप्त जहागिरी योरितोमोने परत केल्या. तोही तायराच.

@क्योतोपंथी अठराव्या कलमावर ताईंचं बरोबर आहे, तुम्ही सोयीचं तेवढं वाचलंत. आठवं कलम तुम्हाला आवडेल, वीस वर्षं वहिवाट असली की मूळ हक्क कुणाचा हे बघायचंच नाही. आपल्याकडे बारा.

क्योतोपंथी

सोयीचं तुम्ही वाचता, ११८३ गाळून. आणि कामाकुराच्या न्यायाचं एवढं कौतुक नको. आबुत्सु नावाची भिक्षुणी १२७९ ला मुलाच्या वारशासाठी क्योतोहून कामाकुराला गेली, तिच्या हयातीत निकाल लागला नाही. १२२१ वर मी ठाम आहे.

दिवाणीवाला

राहा. निकाल हयातीत न लागणं हेच तर खऱ्या कोर्टाचं लक्षण.

@शिरवळची लेक सही फसवून घेतली असेल तर दावा लावता येतो, पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शिरवळची लेक

फसवलं कुठे, सही करताना सगळं कळत होतं. व्यनि नको. त्यापेक्षा त्या सामुकावाच्या म्हातारीचं पुढे काय झालं माहीत असेल तर इथेच लिहा, आणि धाकटी पाती, तुमच्या बहिणीला दुकानात काय मिळालं तेही.